बातमीदार ब्रँड व्हिटलॉक अमेरिकेतील टोलेडो शहराचे महापौर कसे झाले?

व्हिटलॉक बातमीदारीतून थेट महापौरपदावर गेले नाहीत. मधल्या काळात ते सरकारी कचेरीत कारकून होते आणि नंतर वकील झाले. त्यांच्या १९१४ मधील आत्मचरित्रावरून हा क्रम स्पष्ट होतो. 'शिकागो हेराल्ड'साठी राजकीय बातम्या देत असताना इलिनॉय राज्याच्या कारभाराशी त्यांचा जवळून परिचय झाला, आणि १८९३ मध्ये ते स्प्रिंगफील्ड येथे राज्यसचिवांच्या कार्यालयात रुजू झाले. हेमार्केट खटल्यातील (१८८६ मध्ये शिकागोत कामगारांच्या सभेच्या वेळी झालेल्या बॉम्बस्फोटाच्या खटल्यातील) तीन कैद्यांना गव्हर्नर आल्टगेल्ड यांनी त्याच वर्षी माफी दिली, तेव्हा त्या माफीची कागदपत्रे गुपचूप तयार करण्याचे काम व्हिटलॉक यांच्याकडेच आले. ज्याची बातमी एरवी त्यांनी धावत जाऊन दिली असती, ती आता त्यांना पोटात ठेवावी लागली. पुढे टोलेडोत वकिली करताना ते महापौर सॅम्युअल जोन्स यांचे सहकारी झाले. १९०४ मध्ये जोन्स यांचे निधन झाल्यावर, १९०५ च्या निवडणुकीत, व्हिटलॉक अपक्ष म्हणून निवडून आले. सलग चार वेळा ते पद त्यांना मिळाले, आणि ट्राम कंपनीच्या परवान्याचा वाद त्यांच्या कारकिर्दीत सतत गाजत राहिला. मात्र 'महापौर' या शब्दावरून मुंबई-पुण्याचे चित्र डोळ्यांसमोर आणू नये: आपल्याकडे प्रशासनाची सूत्रे आयुक्तांच्या हाती असतात, तर टोलेडोत शहराचा कारभार महापौरच चालवीत असे.