पद्मिनीची दारं रंगवण्याआधी

तुझ्या प्रीमियर पद्मिनी गाडीच्या दारांची आतली रेक्झिनची पॅनेल रंगवायला घेतोयस, फार छान. पण रंगाचा डबा उघडायची घाई करू नकोस. यात रंगापेक्षा धुण्याचंच काम मोठं. चकाकीसाठी वर्षानुवर्षं फासलेलं सिलिकॉन पॉलिश रेक्झिनच्या दाण्यांत मुरलेलं असतं. ते राहिलं की रंग तिथून मागे सरतो आणि गोल खळगे पडतात. साबणाचं कोमट पाणी आणि मऊ ब्रश घेऊन नीट घास, सुकव, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पूस. पांढरं फडकं मळायचं थांबेपर्यंत पुसत राहा. थिनर मात्र नको, रेक्झिन चिकट होऊन सुरकुततं.

पॅनेल दारावरून काढूनच रंगव. पॅनेल धरून ठेवणाऱ्या क्लिपा तुटल्या तर मुंबईत कुर्ल्याला सीएसटी रोडवर, गाड्यांच्या सुट्या भागांच्या दुकानांत शोध.

रंग व्हिनाइलचाच घे. साधा एनॅमल कडक होतो आणि रेक्झिन वाकलं की तडकतो. पॅनेलवर टणक प्लास्टिकचे भाग असतील तर त्यांना आधी प्लास्टिक प्रायमर लाव. पहिला हात इतका पातळ असू दे की खालचा रंग दिसेल. जाड हाताने दाणे बुजतात, आणि मग मूळ रेक्झिनची शोभाच जाते. ते मला बघवत नाही.

जुलैत तर हे काम काढूच नकोस. रंगातलं सॉल्व्हंट, म्हणजे रंग पातळ ठेवणारा द्रव, उडताना पृष्ठभाग गार होतो, आपल्या दमट हवेतलं पाणी त्यावर धरतं आणि रंग पांढुरका पडतो. जानेवारीतली कोरडी दुपार बघ, गच्चीवर सावलीत, वाफांसाठीचा मास्क लावून. आधी पॅनेलच्या मागे दुमडलेल्या कडेवर एक पट्टा मारून बघ. दुसऱ्या दिवशी नखाने खरवडून निघाला, तर पुन्हा धुवायला लाग.