मॅडम, माझा मेंदू कायमचा मंदावलाय का?

अभ्यास एआयकडून करून घेतला तर डोकं कायमचं निकामी होतं का? हा प्रश्न हल्ली माझ्याकडे सारखा येतो. मुलं विचारतात, त्यांच्या आया विचारतात. त्यांतल्या एका मुलीची हकिकत तिच्या संमतीने सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

ती फोंडा तालुक्यातली. गावच्या मराठी प्राथमिक शाळेतून पुढे गेलेली, आता कॉम्प्युटर इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. सोबत आई होती. व्हायव्हात, म्हणजे तोंडी परीक्षेत, बाहेरून आलेल्या परीक्षकांनी तिच्याच प्रोजेक्टच्या कोडमधल्या एका ओळीवर बोट ठेवून विचारलं, "ही का लिहिलीस?" तिला एक शब्दही सुचला नाही. त्याच आठवड्यात मोबाईलवर बातमी दिसली : चॅटजीपीटी वापरणाऱ्यांचा मेंदू मंदावतो, एमआयटीचं संशोधन. तेव्हापासून तिची झोप उडाली होती. रात्री उठून ती पाढे म्हणून बघायची, जुने फोन नंबर आठवून बघायची. आईने लॅपटॉप कपाटात ठेवून कुलूप लावलं होतं.

"मॅडम, हे भरून येतं का, की गेलं ते गेलंच?" तिने विचारलं.

नुसत्या धीराच्या शब्दांनी ही भीती जाणार नव्हती, म्हणून आधी आम्ही ते संशोधनच समोर घेतलं. जून 2025मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या मीडिया लॅबमधल्या संशोधकांनी ते प्रसिद्ध केलं, तेही इतर तज्ज्ञांकडून तपासून होण्याआधीच. माणसं होती 54. काहींनी चॅटजीपीटी घेऊन निबंध लिहिला, काहींनी सर्च इंजिन वापरून, काहींनी कशाचीही मदत न घेता. लिहिताना डोक्यावर ईईजीची, म्हणजे मेंदूतले विद्युत संकेत टिपणारी टोपी होती. चॅटजीपीटीवाल्यांच्या मेंदूच्या भागांमधला ताळमेळ त्या वेळी सगळ्यांत कमी दिसला आणि बहुतेकांना स्वतःच्याच निबंधातलं एक वाक्यही धड सांगता आलं नाही. गट बदलून घेतलेल्या शेवटच्या फेरीला तर 18 जणच उरले होते. मेंदूला कायमची इजा झाली, असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही. उलट बातमी देताना मेंदू सडतो, माणूस मूर्ख होतो असले शब्द वापरू नका, अशी विनंती संशोधकांनीच केली होती. इतक्या लहान अभ्यासावरून मुलांना घाबरवणाऱ्या मथळ्यांचा मला मनापासून राग येतो. त्याची किंमत अशा मुली रात्री जागून मोजतात.

मग तिच्या हातात कोरा कागद दिला आणि म्हटलं, "पहिल्या वर्षी शिकलीस त्यातलं काहीतरी मला समजावून सांग." तिने सी भाषेतले पॉइंटर घेतले. चौकोन काढले, बाण काढले, मला कॉम्प्युटरमधलं फारसं कळत नाही हे ओळखून दोनदा मागे जाऊन सांगितलं. दहा मिनिटं ती न अडखळता बोलत होती. मग या सत्रातला एक विषय घे म्हटलं, तर दुसऱ्याच वाक्याला थांबली. मी काही बोलले नाही. तीच म्हणाली, "पहिल्या वर्षी हे सगळं मी हाताने लिहिलं होतं."

तिची गोष्ट खरं तर दुसऱ्या एका अभ्यासाशी जुळते, आणि त्याची बातमी व्हायला हवी होती असं मला वाटतं. तुर्कीतल्या एका शाळेत जवळजवळ 1000 विद्यार्थ्यांवर गणिताचा प्रयोग झाला. तो 2025मध्ये पीएनएएस या नियतकालिकात आला. एका गटाला साधा चॅटबॉट मिळाला. दुसऱ्या गटाचा चॅटबॉट शिक्षकांच्या मदतीने घडवला होता, तो उत्तर न देता इशारे द्यायचा. तिसऱ्या गटाला फक्त वही-पुस्तक. सरावात पहिला गट तिसऱ्यापेक्षा 48 टक्के सरस ठरला, इशारेवाला तर 127 टक्के. मग चॅटबॉट काढून घेऊन परीक्षा घेतली. साधा चॅटबॉट वापरलेल्या मुलांना वही-पुस्तकवाल्यांपेक्षा 17 टक्के कमी गुण पडले. इशारेवाल्यांचं हे नुकसान बहुतांशी टळलं. पण मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटलं ते वेगळंच : आपण कमी शिकलोय हे त्या पहिल्या गटाला जाणवलंच नव्हतं.

हे ऐकून इतका वेळ गप्प बसलेली आई एकदम म्हणाली, "आमच्या जत्रेच्या नाटकात असंच होतं. प्रॉम्प्टरवर भिस्त ठेवून तालमी केल्या की सगळं पाठ झालंय असं वाटतं. नाटकाच्या रात्री कळतं." लेक पहिल्यांदा हसली.

ही फसगत यंत्राच्याही आधीची आहे. 2006मध्ये रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना उतारे दिले. काहींनी तेच पुन्हा वाचले, काहींनी पुस्तक मिटून आठवेल ते लिहिलं. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा वाचणारे पुढे होते, 81 विरुद्ध 75 टक्के. आठवड्याने मात्र आठवून लिहिणाऱ्यांना 56 टक्के मजकूर सांगता आला, वाचणाऱ्यांना 42. आठवताना होणारी ती ओढाताण नकोशी वाटते, पण शिकणं तिथेच घडतं. ती टळली की मेंदूला इजा होत नाही, त्या विषयाचा सराव तेवढा व्हायचा राहतो.

म्हणून लॅपटॉपचं कुलूप काढायला मी आईला सांगितलं. त्यांना ते पटायला वेळ लागला, आणि ते साहजिकच होतं. लेकीला म्हटलं, कुठलाही प्रोग्रॅम आधी कागदावर, वीसेक मिनिटं, चुकला तरी चालेल. मग चॅटबॉटकडे जा, पण "उत्तर देऊ नकोस, मी कुठे चुकले तेवढं सांग" असं लिहून. दुसऱ्या दिवशी तेच सगळं मिटून पुन्हा लिहायचं आणि रात्री जेवताना आईला मराठीत समजावायचं. या शेवटच्या गोष्टीला ती लाजली. "तिला काय कळणार त्यातलं?" असंही म्हणाली. न कळणारं माणूसच बरोबर नेमक्या ठिकाणी "म्हणजे काय?" विचारतं, म्हणून तर आई हवी होती.

पहिले काही दिवस तिला फार जड गेले. आपण मागे पडतोय, बाकीचे पटापट सबमिशन देतायत, असं ती सांगायची. मी तिला धीर धर म्हटलं नाही, तुर्कीतले ते आकडे वहीत लिहून ठेवायला सांगितले. झोप हळूहळू सुधारली. गणेश चवथीनंतरच्या व्हायव्हात दोन प्रश्न आले, एक अर्धाच जमला. पण आपल्याला काय येतं नि काय येत नाही, हे या वेळी तिला आधीपासून माहीत होतं.

झोप आठवडेच्या आठवडे लागत नसेल, जेवण सुटलं असेल किंवा "मी कशाच्याच लायकीची नाही" हा विचार हटत नसेल, तर प्रश्न अभ्यासापुरता राहत नाही. तेव्हा समुपदेशकाला किंवा डॉक्टरांना भेटा. सरकारची टेलि-मानस सेवा 14416 या क्रमांकावर मोफत आणि चोवीस तास आहे.

निघताना आईने धाकट्याचं विचारलं, तो आठवीत आहे. त्याच्या बाबतीत मी जास्त कडक राहिले. त्याचा पाया अजून घातला जातोय, म्हणून गणित आधी वहीत, आणि चॅटबॉट घरातलं कोणी मोठं शेजारी बसलेलं असतानाच.