पदविकेवर दवाखान्याची पाटी लागत नाही

सातारा जिल्ह्यातून एक वडील लिहितात : 'मुलीने दोनदा नीट दिली, पशुवैद्यकीयला नंबर लागला नाही. आता पशुसंवर्धनाची पदविका करते म्हणते. माझं मत, तिसऱ्यांदा नीट द्यावी. नाहीतर पदविका घेऊन गावात जनावरांचा दवाखाना टाकावा, लोक डॉक्टरच म्हणतील. तिला समजावा.'

तुमच्या पत्रात तिचे दोन्ही वर्षांचे गुण आहेत, भावकीतला कोण एमबीबीएसला आहे तेही आहे. तिच्या आवडीबद्दल एकच ओळ, तीही तक्रारीची : 'पुस्तक टाकून गोठ्यात जाऊन बसते.' मी तिथेच थांबले. दोन वर्षं तुमच्या म्हणण्याप्रमाणे अभ्यास करून ही मुलगी पहिल्यांदा स्वतःचं काही मागते आहे. मी तिला समजावणार नाही. तिसरी नीट द्यायची तर तिने ठरवून द्यावी. भावकीत मान राखण्यासाठी तिचं आणखी एक वर्ष खर्ची घालू नका.

दवाखान्याचा बेत मात्र आजच सोडा. भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा, १९८४ नुसार जनावरांवर उपचाराचा व्यवसाय नोंदणीकृत पशुवैद्यकच करू शकतो, आणि त्यासाठी पदवी लागते. पदविकाधारकाला, राज्य शासनाने परवानगी दिली तर, नोंदणीकृत पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली किरकोळ सेवा देता येतात. नावामागे 'डॉ.' लावून मुलीला बेकायदा धंद्यात ढकलाल आणि एखाद्याची दुभती गाय दगावली तर जबाब तिलाच द्यावा लागेल.

पण म्हणून पदविकेचं काम हलकं ठरत नाही. लाळ्या-खुरकूत, घटसर्पाचं लसीकरण, कानातले बिल्ले, मलमपट्टी, कृत्रिम रेतन हे सगळं यात येतं. द्रव नत्रात उणे १९६ अंशांवर ठेवलेली वीर्याची कांडी कोमट पाण्यात नेमकी किती वेळ धरायची, गाय खरंच माजावर, म्हणजे फळायच्या वेळेत, आहे का, हे कळणारा हात लागतो. माज हुकला की शेतकऱ्याचे साधारण २१ दिवस वाया जातात. दूध संघांना, पशुपालनात काम करणाऱ्या बाएफसारख्या संस्थांना अशी माणसं लागतात.

प्रवेशाच्या अटी नागपूरच्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाच्या यंदाच्या माहितीपुस्तिकेत पाहा.

अर्ज भरण्याआधी तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून तिला काही दिवस सकाळी तिथे बसू द्या. अडलेली गाय, चिघळलेली जखम, रात्री-अपरात्रीचे फोन, सगळं पाहून झाल्यावरही ती हो म्हणाली, तर फी भरा.