जमीन आणि पर्यावरण कायदा शिकवायचा असेल तर

एलएल.एम.ला ५५ टक्के आणि नेट किंवा सेट झालं की सहायक प्राध्यापकपदासाठी अर्ज करता येतो. खरं काम पुढंच. १९६६ चे दोन्ही कायदे, जमीन महसूल संहिता आणि नगररचना, शेजारी ठेवून वाचा. नुसती संहिता वाचणारा बिगरशेती परवानगीतच अडकतो, विकास आराखड्यात सार्वजनिक कामासाठी जमिनीवर टाकलेलं आरक्षण त्याला दिसत नाही. साताऱ्यात असाल, तर महाबळेश्वर-पाचगणीची २००१ ची पर्यावरण संवेदनशील क्षेत्राची अधिसूचना घ्या आणि जमिनीच्या एकाच गट क्रमांकाचा सातबारा, फेरफार, झोन दाखला (जमीन आराखड्यातल्या कुठल्या विभागात येते ते सांगणारा) तिच्याशी ताडून बघा. हरित न्यायाधिकरणाचं खंडपीठ पुण्यातच आहे, सुनावण्या ऐका. मुदती पाठच हव्यात: हरित न्यायाधिकरण कायद्याच्या कलम १४ खाली मूळ अर्जाला सहा महिने, अपिलाला ३० दिवस, सबळ कारण दाखवलं तर दोन्हीकडे जास्तीत जास्त ६० दिवस वाढीव. चांगली प्रकरणं इथंच बुडतात. पीएच.डी.चा विषय मात्र एखाद्या तालुक्याएवढाच ठेवा.