टाकीखालच्या कपाटाविषयी

चि.,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र आणि सोबतचे, तुझ्या खाऱ्या पाण्याच्या टाकीच्या स्टँडचे, म्हणजे खालच्या कपाटाचे, रेखाचित्र मिळाले. कोणते मासे आणि कोणते प्रवाळ ठेवायचे याची यादी तू चार पाने भरून लिहिली आहेस, स्टँडला मात्र अर्धेच पान दिले आहेस. म्हणून मी उत्तराचा क्रम उलटा ठेवतो. गेली बावीस वर्षे मी खाऱ्या पाण्याच्या टाक्या सांभाळत आलो आहे, आणि ज्या टाक्या मला किंवा माझ्या ओळखीच्यांना मोडाव्या लागल्या, त्यांपैकी बहुतेकींचे दुखणे खालच्या कपाटात सुरू झाले होते.

आधी वजनाचा हिशेब करू. तुझी टाकी ९० सेंटिमीटर लांब, ५० रुंद आणि ५० उंच आहे. ती वरून पाच सेंटिमीटर मोकळी ठेवली तरी तिच्यात सुमारे २०० लिटर पाणी मावते, आणि समुद्राचे पाणी गोड्या पाण्यापेक्षा जड असल्यामुळे त्याचे वजन २०५ किलो भरते. दहा मिलिमीटर जाडीची काच ४५ किलोंच्या पुढे जाते. त्यात खडक, वाळू, खालच्या संपमधले (कपाटात ठेवायची पाणी गाळण्याची दुसरी टाकी, जिथून पंप पाणी वर चढवतो) साठ लिटर पाणी आणि खुद्द स्टँड धरले की आपण ४०० किलोंच्या आसपास पोहोचतो, आणि हा सगळा भार अर्ध्या चौरस मीटरपेक्षाही कमी जागेवर येतो. राहत्या खोल्यांसाठी आय.एस. ८७५ या भारतीय मानकात दर चौरस मीटरला साधारण २०० किलो इतका भार गृहीत धरतात. याचा अर्थ स्लॅब लगेच खचेल असा नाही, कारण एका ठिकाणचा भार स्लॅब आजूबाजूला वाटून घेतो. पण टाकी खोलीच्या मधोमध ठेवू नये, ज्या भिंतीखाली बीम आहे तिच्या कडेलाच ठेवावी, आणि तुझी इमारत जुनी असल्यामुळे एकदा स्ट्रक्चरल इंजिनिअरला जागा दाखवावी. यासाठी लागणारी फी वाचवू नकोस.

आता लाकडाविषयी. सुतार तुला साधा कमर्शिअल प्लाय सुचवेल आणि वर सनमायका लावला की पाणी लागणार नाही असे सांगेल. माझा पहिला स्टँड असाच झाला होता. सनमायक्याने समोरचा भाग राखला, पण प्लायच्या कापलेल्या कडा उघड्या राहिल्या होत्या. दोन पावसाळ्यांत खारे पाणी त्या कडांतून आत मुरले, माथ्याची फळी फुगून एका बाजूने तीन मिलिमीटर उचलली गेली, आणि जुलैतल्या एका रात्री टाकीचा मागचा सांधा सुटला. सकाळी जमिनीवर जे पाहिले ते मी अजून विसरलेलो नाही. म्हणून ७१० ग्रेडचा मरीन प्लायच घे, जाडी १९ मिलिमीटर, आणि प्रत्येक कापलेली कड, अगदी वायर जाण्यासाठी पाडलेल्या भोकाची आतली कडसुद्धा, जोडणीच्या आधी इपॉक्सीचे दोन हात देऊन बंद करून घे. लोखंडी चौकोनी पाइपचा सांगाडाही चालतो, मात्र वेल्डिंगच्या सांध्यांवर रंग नीट बसला नाही तर गंज तिथूनच सुरू होतो.

जोडणीचा नियम एकच आहे आणि तो तू सुताराला स्वतः उभे राहून समजावून सांग: भार लाकडावरून लाकडावर उतरला पाहिजे, स्क्रूवर तो येता कामा नये. माथ्याची चौकट उभ्या फळ्यांच्या डोक्यावर बसलेली असावी; ती फळ्यांच्या मधे धरून बाजूने स्क्रू मारले, तर ४०० किलोंचा भार वर्षानुवर्षे त्या चार-सहा स्क्रूंवर लोंबकळत राहतो. मागची फळी तू दिसत नाही म्हणून वगळली आहेस. ती पुन्हा घाल, कारण उभा भार पेलणारा स्टँडसुद्धा आडव्या धक्क्याने समांतरभुज चौकोनासारखा तिरका होऊ शकतो आणि त्याला ताठ ठेवण्याचे काम तीच फळी करते. पाइपसाठी तिच्यात खिडकी कापली तरी चालेल.

तुझ्या रेखाचित्रातली सर्वांत मोठी चूक समोरच्या बाजूला आहे. दोन दारांच्या मधे तू उभा खांब दिला आहेस. दिसायला तो योग्य वाटतो, पण ७५ सेंटिमीटर लांबीचा संप त्या खांबामुळे एकदा आत गेला की बाहेर येणार नाही, आणि संप कधी ना कधी गळतोच. खांब काढून टाक आणि त्याऐवजी समोरच्या वरच्या पट्टीची उंची वाढव. ९० सेंटिमीटरचे अंतर ती पेलते. दुसरे म्हणजे आतली उंची तू ६० सेंटिमीटर ठेवली आहेस. तू निवडलेला प्रोटीन स्किमर, म्हणजे फेसाबरोबर पाण्यातला मळ काढणारे यंत्र, ४८ सेंटिमीटर उंच आहे आणि त्याचा मळ साचणारा पेला दर दोन-तीन दिवसांनी वर उचलून काढावा लागतो. त्यासाठी वर किमान १५ सेंटिमीटर मोकळे हवेत. म्हणजे आतून ६५ आणि बाहेरून ७५ ते ८० सेंटिमीटर उंची धर. दारांना बिजागऱ्या लावण्यापेक्षा चुंबकाने चिकटणारी, उचलून बाजूला ठेवता येणारी दारे करून घे, कारण खाऱ्या हवेत स्टीलच्या बिजागऱ्यांनाही डाग पडतात.

संपची पातळी ठरवताना वीज गेल्यावर काय होते ते आधी डोळ्यांपुढे आण. पुण्यात गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज बंद ठेवतात हे तुला माहीत आहेच. पंप थांबला की वरच्या टाकीतले पाणी ओव्हरफ्लोच्या, म्हणजे जिथून पाणी ओसंडून संपमध्ये येते त्या, काठापर्यंत खाली उतरते. तुझ्या टाकीची पातळी दोन सेंटिमीटर उतरली तरी नऊ लिटर पाणी संपमध्ये येते, शिवाय पाइपातले वेगळे. तेवढी जागा संपमध्ये कायम रिकामी राहिली पाहिजे. टाकी बसवल्यावर साधे पाणी भरून दहा वेळा बटण बंद-चालू करून हे तपासून पाहा. वीज दोन-तीन तास गेली तर मासे प्राणवायूअभावी मरू शकतात, म्हणून निदान एक वेव्हमेकर (टाकीतले पाणी हलते ठेवणारा छोटा पंप) इन्व्हर्टरवर घे. प्लग आणि अडॅप्टर संपच्या वर नसावेत. त्यांना बाजूला वेगळा बंदिस्त कप्पा ठेव, प्रत्येक वायर प्लगच्या खाली एकदा लोंबती ठेवून मग वर ने, म्हणजे वायरीवरून ओघळणारे पाणी त्या वाकावरूनच गळून जाईल, आणि त्या सर्किटवर ३० मिलिअँपिअरचा आर.सी.सी.बी., म्हणजे विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच, बसव. इथे काटकसर करू नकोस, कारण टाकीत हात तू घालणार आहेस. पाणी थंड करणारा चिलर मात्र कपाटात ठेवू नकोस. तो गरम हवा सोडतो, आणि बंद कपाटात तीच हवा पुन्हा ओढत राहतो. प्रवाळांना २५ ते २७ अंश तापमान लागते आणि एप्रिलमध्ये तुझ्या खोलीत ते आपोआप मिळणार नाही.

स्टँड जागेवर आला की पाणसळ लावून चारही कडा तपास आणि दोन्ही कर्ण मोजून तो गुण्यात, म्हणजे काटकोनात, आहे याची खात्री कर. आपल्याकडे फरशीला बहुधा थोडा उतार असतो. पाचर द्यायची ती स्टँडच्या पायाखाली दे, काचेखाली कधीही देऊ नकोस.

पाण्याविषयी थोडक्यात. घरातल्या पिण्याच्या आर.ओ.मध्ये चवीसाठी थोडे क्षार मुद्दाम मागे ठेवलेले असतात, म्हणून ते पाणी चालत नाही, उरलेले क्षारही काढणारा डी.आय. फिल्टर जोडलेले वेगळे यंत्र घे आणि टी.डी.एस., म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचे माप, शून्य येईपर्यंत मीठ कालवू नकोस. लिटरला साधारण ३५ ग्रॅम मीठ लागते. बाष्पीभवन होताना फक्त पाणी उडते आणि मीठ मागे राहते, म्हणून रोजची भर गोड्या पाण्याचीच घालायची. त्यानंतर चार ते सहा आठवडे टाकी माशांविना चालू दे. या काळात अमोनियाचे नायट्राइट आणि नायट्राइटचे नायट्रेट करणारे जीवाणू खडकावर वस्ती करतात; पहिले दोन शून्यावर आल्याशिवाय एकही जीव आत सोडू नकोस.

आता तुझ्या चार पानांकडे येतो. त्यातली निम्मी नावे खोडावी लागतील आणि याबाबत मी कठोर राहणार आहे. खडक बांधणारे सर्व कठीण प्रवाळ, समुद्रपंखे आणि समुद्रघोडे हे वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. आपल्या समुद्रातून ते काढणे, विकणे किंवा विकत घेणे गुन्हा आहे. परदेशातून येणाऱ्या कठीण प्रवाळांनाही वन्य जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या साइट्स कराराचे परवाने लागतात. दुकानदार "सगळेच ठेवतात" असे म्हणाला तर दुकान सोडून बाहेर ये. मालवणजवळच्या पाण्यातले प्रवाळ मी बुडी मारून पाहिले आहेत, आणि तिथला एखादा तुकडा माझ्या दिवाणखान्यासाठी तोडला जावा असे मला कधीही वाटणार नाही. मश्रूम, लेदर आणि झोअँथिड यांसारख्या मऊ जातींनीही टाकी भरून येते, आणि तुझ्यासारख्या पहिल्यांदा हात घालणाऱ्याला त्या अधिक क्षमाशील आहेत. मात्र त्यांचीही बिले माग. झोअँथिडमध्ये पॅलिटॉक्सिन हे तीव्र विष असू शकते, म्हणून त्यांना हातमोजे घालूनच हाताळ आणि ते वाढलेला खडक कधीही उकळू नकोस. मासा म्हणशील तर बंदिस्त पैदाशीच्या क्लाउनफिशची एक जोडी पुरे. त्यांच्या पैदाशीचे तंत्र आपल्या केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेने विकसित केले आहे, त्यामुळे समुद्रातून पकडलेला मासा घेण्याचे कारण उरत नाही.

सुधारलेले रेखाचित्र मला पाठव. त्यात समोरच्या पट्टीची उंची, संपची मापे आणि पेला काढण्यासाठी वर ठेवलेली मोकळी जागा सेंटिमीटरमध्ये लिहिलेली असू दे. ते मी पाहून परत पाठवीपर्यंत सुताराला प्लाय कापू देऊ नकोस.

कळावे,
तुझा
काका