आरएक्स-८ मध्ये प्रीमिक्स: माप घरी, पंपावर फक्त ओतणं

तुम्ही न्यू जर्सीतल्या एडिसनला राहता, २००५ ची मॅन्युअल आरएक्स-८, म्हणजे माझदाची रोटरी इंजिनाची गाडी, नुकतीच घेतली आहे, ऑईल मीटरिंग पंप (इंजिनाच्या आत थोडं थोडं ऑईल सोडणारा पंप) शाबूत आहे आणि प्रीमिक्स, म्हणजे पेट्रोलच्या टाकीत थोडं ऑईल मिसळणं, सुरू करायचं ठरवलं आहे. अडचण एवढीच, की पेट्रोल पंपावर मापाचा कप हातात घेऊन हिशेब करत उभं राहणं जमत नाही आणि हात बरबटतात. पुण्याहून बाबा सांगतात, "चेतकमध्ये टाकायचो तसं टूटी टाक." टूटी म्हणजे टू-स्ट्रोक इंजिनाचं ऑईल. बाबांचा सल्ला दिशेने बरोबर आहे, प्रमाणात मात्र नाही. त्याकडे येतोच.

माझं म्हणणं आधी सांगून टाकतो. पेट्रोल पंपावर काहीही मोजायचं नाही. सगळं मोजमाप घरी, निवांतपणे, एकदाच करून ठेवायचं. पंपावर फक्त झाकण उघडायचं आणि ओतायचं. जी पद्धत पावसात, थंडीत, मागे रांग असतानाही सहज होते तीच टिकते. बाकीच्या दोन महिन्यांत सुटतात, आणि सुटलेल्या प्रीमिक्सचा इंजिनाला काहीच उपयोग नाही.

आता प्रमाण. चेतकमध्ये लिटरला २० मिली ऑईल जायचं, म्हणजे ५० ला १. तिथे क्रँकचं बेअरिंग, पिस्टन, सिलिंडर सगळ्यांचं वंगण त्या पेट्रोलमधूनच होत होतं. रोटरीचं तसं नाही. तिच्यात पिस्टनऐवजी हाउसिंग नावाच्या कवचात तिकोनी रोटर फिरतो. तिला स्वतःचा ऑईल पंप आहे, बेअरिंगना दाबाखाली ऑईल मिळतं. शिवाय मीटरिंग पंप इंजिनातलंच थोडं ऑईल हाउसिंगमध्ये सोडत राहतो, कारण रोटरच्या टोकांवरच्या अपेक्स सील हाउसिंगच्या भिंतीवर सतत घासत असतात. आपलं प्रीमिक्स म्हणजे या सीलसाठी वरून दिलेली जोड. म्हणून मीटरिंग पंप चालू असलेल्या गाडीला लिटरला ४ मिली, म्हणजे साधारण २५० ला १, पुरेसं होतं. अमेरिकी मापात गॅलनला अर्धा औंस. चेतकच्या प्रमाणात ओतलंत तर मागे धूर, प्लगवर काजळी आणि धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचा जीव धोक्यात.

तुमच्या मॉडेलमध्ये ही जोड मला जास्त गरजेची वाटते, त्याला कारण आहे. पहिल्या मालिकेच्या आरएक्स-८ मध्ये प्रत्येक रोटरला ऑईलचे दोनच नोझल आहेत आणि ते कडांच्या बाजूला आहेत. सीलच्या मधल्या भागाला ऑईल कमी पोचतं. माझदाने २००९ पासूनच्या गाड्यांत मध्यभागी तिसरा नोझल दिला. तो उगाच दिलेला नाही. पेट्रोलमध्ये मिसळलेलं ऑईल मात्र जिथे पेट्रोल जातं तिथे सगळीकडे जातं, मधल्या भागातही.

आता मूळ प्रश्न. तुमच्या गाडीची टाकी साधारण १६ गॅलनची, म्हणजे ६० लिटरची. पाव टाकी म्हणजे ४ गॅलन, १५ लिटर. तिला लागणारं ऑईल २ औंस, म्हणजेच ६० मिली. हा आकडा फार सोयीचा आहे, कारण प्रवासात शॅम्पू न्यायला मिळतात त्या छोट्या बाटल्या बऱ्याचदा २ औंसांच्याच असतात आणि औषधाच्या दुकानातली मोठी बिनसुईची सिरिंज ६० मिलीची असते. एक ओढ, एक बाटली, पाव टाकी.

मग पंपावर हिशेब उरतच नाही. काटा अर्ध्यावर असताना टाकी फुल करायची असेल तर दोन बाटल्या. पावावर असेल तर तीन. काटा इतका काटेकोर नसतो, पण फिकीर करू नका. गॅलनला ०.४ औंस पडलं काय आणि ०.६ पडलं काय, मीटरिंग पंप चालू असताना त्याने बिघडत नाही. दर वेळी टाकणं याला महत्त्व आहे, थेंबाथेंबाला नाही. कोणी शेवटच्या मिलीपर्यंत हिशेब मांडत असेल तर मांडू दे, तुम्ही त्यात वेळ घालवू नका.

बाटल्यांबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण खरी सोय-गैरसोय इथेच ठरते. तळाला त्रिकोणात २ आकडा असलेली दुधी रंगाची, जरा चिवट बाटली घ्या. ते प्लास्टिक पेट्रोल आणि ऑईलला चांगलं टिकतं. झाकण टिचकीने उघडणारं (फ्लिप-टॉप) नको, आट्यांचं आणि वर निमुळतं टोक असलेलं हवं. केसांना रंग लावायच्या बाटल्यांना असतं तसं. टोकाचं भोक बारीक असेल तर कात्रीने थोडं मोठं करा, नाहीतर थंडीत दाबून दाबून बोटं दुखतील. काठोकाठ भरू नका, ६० मिली घातल्यावर वर थोडी मोकळी जागा राहील अशीच बाटली घ्या. उन्हाळ्यात डिकी तापते आणि भरलेली बाटली टोकातून पाझरते. डिकीत त्या उभ्याच राहतील असा छोटा डबा ठेवा, तळाशी जुना टॉवेल. आणि प्रत्येक बाटलीवर मार्करने ठळक "टूटी ऑईल, विष" असं लिहा. टूटी ऑईल बऱ्याचदा निळं किंवा लाल असतं आणि लहान मुलाला ते सरबतासारखं दिसतं. पाण्याच्या किंवा कोल्ड्रिंकच्या बाटलीत ते कधीही भरू नका, एका दिवसापुरतंही नाही.

आरएक्स-८ च्या टाकीच्या तोंडात आत स्प्रिंगची पट्टी आहे. बाटलीचं आखूड टोक तिला ढकलत नाही, ऑईल पट्टीवर साचतं आणि उलटं बाहेर येऊन रंगावर ओघळतं. म्हणून बाटलीसोबत लांब नळीचं फनेल ठेवा. नळी पेट्रोलच्या नोझलएवढ्या जाडीची हवी. ती आत सारली की पट्टी उघडते, मग बाटली फनेलमध्ये पिळायची. फनेल झटकून लगेच झिपच्या पिशवीत टाका, त्याच पिशवीत दोन कागदी टॉवेल आणि एक जोडी पातळ हातमोजे. हा सगळा सरंजाम एका हातात मावतो.

ऑईल आधी, पेट्रोल नंतर. वरून येणारी पेट्रोलची धार ते चांगलं ढवळते, आणि एकदा मिसळलं की ते पुन्हा वेगळं होऊन तळाला बसत नाही. नंतर टाकलंत तर थोडं गळ्यातच चिकटून राहतं. गाडी चालली की तेही मिसळतं, पण आधीचं बरं.

न्यू जर्सीत तुम्हाला एक अडचण जास्तीची आहे. तिथे स्वतः पेट्रोल भरायला कायद्याने बंदी आहे. पंपावरचा माणूस येतो आणि तुम्ही उतरेपर्यंत नोझल आत खुपसतो. त्यावर माझा उपाय असा: पंपाच्या आवारात हवा भरायचा कोपरा असतो, आधी तिथे गाडी उभी करा, झाकण उघडा, बाटल्या रिकाम्या करा, झाकण लावा आणि मग रांगेत जा. त्या माणसाला काही समजवावं लागत नाही. पंप घरापासून पाच मिनिटांवर असेल तर घराच्या ड्राइव्हवेतच टाकून निघालात तरी चालेल. तेवढ्या अंतरात टाकीतलं मिश्रण दाट असतं, पण इंजिनाला त्याने इजा होत नाही. आम्ही नदीपलीकडे पेनसिल्व्हेनियात स्वतःच भरतो, तरी मी हवेच्या कोपऱ्याचीच पद्धत वापरतो. तिथे मागे कोणी ताटकळत नसतं.

बाजारात मिळणाऱ्या इतर सोयीही लोक सुचवतील. दोन तोंडांची बाटली, जी दाबली की वरच्या छोट्या कप्प्यात मोजून ऑईल चढतं, ती कल्पना चांगली आहे. पण तिचं तोंड आखूड, म्हणजे फनेल आलंच, आणि आडवी पडली की गळते. मी ती घरी ठेवतो. लॉनमोअरवाल्यांचा मापाचा कप अचूक असतो, पण वापरल्यावर तो चिकट कप ठेवायचा कुठे? गॅलनच्या कॅनवर बसणारा हातपंप मात्र घ्या, बाटल्या भरायला छान. फक्त एका दाबाला किती मिली येतं ते सिरिंजने एकदा मोजून कॅनवर लिहून ठेवा.

पंपावर काहीच करायचं नसेल तर सोन अ‍ॅडॉप्टर आहे. तो बसवला की मीटरिंग पंप इंजिनातल्या ऑईलऐवजी बॉनेटखालच्या वेगळ्या छोट्या टाकीतलं टूटी ऑईल ओढतो. कल्पना उत्तम आहे, कारण टूटी ऑईल जळण्यासाठीच बनवलेलं असतं आणि मागे राख फार कमी ठेवतं. इंजिन ऑईल त्यासाठी बनवलेलं नसतं. पण ती टाकी रिकामी झाली तर सीलना मिळणारं ऑईल बंद, हे पक्कं ध्यानात ठेवा. पातळी बघायची सवय असलेल्यानेच तो बसवावा. आणि त्यातही सीलच्या मधल्या भागाचा प्रश्न उरतोच, कारण नोझल तेच.

ऑईल कुठलं? डब्यावर जासो एफडी (टू-स्ट्रोक ऑईलचा जपानी दर्जा) लिहिलेलं, कमी धुराचं सिंथेटिक घ्या. एरंडेलाचं रेसिंग ऑईल नको, त्याचा चिकट थर बसतो. इंजिन ऑईल पेट्रोलमध्ये टाकणं तर अजिबात नको.

कोणी सांगेल मीटरिंग पंप काढूनच टाका, फक्त प्रीमिक्सवर चालवा. ट्रॅकवरच्या गाडीला ठीक आहे. तिथे गॅलनला किमान १ औंस लागतो आणि एक टाकीही चुकवून चालत नाही. रोज ऑफिसला नेण्याच्या गाडीत, जी कधी बायको तर कधी भाऊ पेट्रोल भरायला नेतो, तो धोका पत्करू नका. मीटरिंग पंप चालू असला की एखादी टाकी प्रीमिक्सशिवाय गेली तरी काही बिघडत नाही. तोच तुमचा आधार आहे, तो काढू नका.

प्रीमिक्स सुरू केलं म्हणून डिपस्टिक बघणं सोडू नका. मीटरिंग पंप इंजिनातलं ऑईल पूर्वीइतकंच खातो. दर दुसऱ्या टाकीला बघा, इंजिन गरम करून, सपाट जागी. आणि गेलेलं कॉम्प्रेशन, म्हणजे सीलनी धरून ठेवलेला इंजिनातला दाब, प्रीमिक्सने परत येत नाही. गाडी जुनी घेतली आहे, तर रोटरीच्या खास टेस्टरने कॉम्प्रेशन एकदा मोजून घ्या. साधा गेज एका रोटरच्या तीन बाजूंचे आकडे वेगवेगळे दाखवत नाही आणि इथे तेच हवे असतात.

वाचणाऱ्यांपैकी कोणाकडे १९९२ नंतरची आरएक्स-७ असेल तर तिची टाकी २० गॅलनची, साधारण ७६ लिटर. त्यांनी पाव टाकीला ७५ मिली धरावं आणि थोडी मोठी बाटली घ्यावी. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडवाल्यांना औंसांची भानगडच नाही: लिटरला ४ मिली.

कडाक्याच्या थंडीत ऑईल घट्ट होतं आणि बाटलीतून लवकर उतरत नाही. डिसेंबर ते फेब्रुवारी बाटल्या डिकीतून काढून निघताना पुढच्या सीटपाशी, हीटरच्या झोताखाली ठेवा. पंपावर पोचेपर्यंत त्या पिळण्याजोग्या होतात.