रिसर्च सेंटर नंतर, आधी पहिल्या सेमिस्टरचा वर्ग

बेटा,

तुझा मेसेज रात्री साडेअकराला आला तेव्हा मी जागीच होते, कूलरच्या आवाजात झोप कुठं लागते, पण दोन ओळींत उत्तर देण्यासारखी गोष्ट नव्हती म्हणून सकाळी चहा घेऊन लिहायला बसले. तुला मॅथ्सच्या पीजीचं कोऑर्डिनेटर केलं, एमएस्सी पहिल्या वर्षाला २२ पोरं, रेग्युलर तुम्ही दोघंच, बाकी तिघं सीएचबीवर म्हणजे तासिका तत्त्वावर, आणि प्रिन्सिपॉल सर म्हणून राहिले की दोन वर्षांत मॅथ्सचं रिसर्च सेंटर झालं पाहिजे. सुरुवात कुठून करू, असं विचारतेस. प्रपोजलपासून करू नको, एवढं आधी सांगून टाकते.

प्रपोजल काही अवघड नाही गं. यूजीसीचे पीएचडीबद्दलचे २०२२ चे नियम काढून वाच, कायम असिस्टंट प्रोफेसर असशील, पीएचडी असेल आणि बऱ्या जर्नलमध्ये तीन पेपर असतील तर पीएचडीचं गाइड होता येतं, एका वेळी चार पोरं घेता येतात, असोसिएटला सहा, प्रोफेसरला आठ. कोर्सवर्क किमान १२ क्रेडिटचं. हे सगळं महिनाभरात जमून जाईल, एक कपाट, दोन कॉम्प्युटर आणि भिंतीवर रामानुजनचा फोटो लावला की झालं सेंटर. पण त्या चार जागांवर येणार कोण? मुंबई-पुण्याची पोरं आपल्याकडे पीएचडीला येऊन नाही राहिली, येतील ती तुझीच, काटोल, उमरेड, भंडारा, गोंदियाकडची, आज तुझ्या पहिल्या सेमिस्टरला मागच्या बाकावर बसलेली.

आणि ती तिथंच अडकतात. तीस वर्षं मी हेच पाहिलं, पोरगं पीएचडीत अडकलं असं आपण म्हणतो, पण खरं तर ते रिअल ॲनालिसिसच्या, म्हणजे कॅल्क्युलसमागच्या काटेकोर सिद्धतांच्या विषयाच्या, दुसऱ्या महिन्यात अडकलेलं असतं, फक्त नोट्स पाठ करून ६५ टक्के मिळून जातात म्हणून कुणाच्या ध्यानात येत नाही, त्याच्या स्वतःच्याही नाही.

नेमकं कुठं अडकतं सांगू? "प्रत्येकासाठी" आणि "एक असा आहे की" हे दोन शब्द मागेपुढे झाले की काय होतं, तिथं. मी वर्गात हॉस्टेलचं उदाहरण द्यायची. "प्रत्येक पोरीला एक खोली आहे" आणि "एक खोली आहे जी प्रत्येक पोरीची आहे". पहिल्या वाक्यात बावीस पोरींना बावीस खोल्या असू शकतात, दुसऱ्यात बावीस जणी एकाच खोलीत कोंबल्या. हसायची पोरं. मग मी म्हणायची, आता कंटिन्युइटी बघा, एप्सिलॉन (उत्तरात किती फरक चालेल तो) दिला की प्रत्येक बिंदूला आपापला डेल्टा (x किती हलवता येईल तो), म्हणजे आपापली खोली. युनिफॉर्म कंटिन्युइटीमध्ये सगळ्या बिंदूंना मिळून एकच डेल्टा चालला पाहिजे. शून्य ते एकच्या खुल्या इंटरव्हलवर १/x घ्या, शून्याकडे सरकत गेलं की डेल्टा बारीक बारीक होत जातो, सगळ्यांना पुरेल असा एक उरतच नाही. हे ज्या पोराला स्वतःच्या तोंडानं, मराठीत का होईना, सांगता आलं ते पुढं कुठंही तगतं. म्हणून फळ्यावर मराठीत बोलू दे त्यांना, लिहितील इंग्रजीत, पण विचार ज्या भाषेत होतो त्यात आधी वाद घालू दे. अर्ध्या पोरांना मॅथ्स येत नाही असं आपण धरून चालतो आणि खरं तर त्यांना इंग्रजीत प्रश्न विचारायची लाज वाटत असते.

दर आठवड्याला आठ-दहा गणितांचा एक कागद दे. बाजारातल्या गाइडबुकमधली नको, स्वतः बनव, आणि अर्धे प्रश्न "खरं की खोटं, खोटं असेल तर उदाहरण द्या" असे ठेव. तपासायला वेळ जातो, माहीत आहे मला, रविवार जातो. पण नेटसाठी, म्हणजे लेक्चररशिप आणि फेलोशिपच्या परीक्षेसाठी, यापेक्षा बरी तयारी नाही. सीएसआयआर नेटच्या मॅथ्सच्या पेपरचा पार्ट सी बघ ना, ६० पैकी २० सोडवायचे, प्रत्येकी ४.७५ मार्क, निगेटिव्ह नाही, पण एकापेक्षा जास्त पर्याय बरोबर असू शकतात आणि सगळे बरोबर पर्याय पकडले तरच मार्क. तिथं क्लासवाल्यांच्या ट्रिका संपतात, काउंटरएक्झाम्पल, म्हणजे विधान खोटं पाडणारं उदाहरण, लागतं. आणि जेआरएफ म्हणजे पीएचडीची फेलोशिप निघाली तर महिन्याला ३७,००० येतात, आपल्याकडच्या घरांत त्याचा अर्थ काय होतो हे तुला वेगळं सांगायला नको.

दुसरी गोष्ट शुक्रवारची. आठवड्यातला एक तास पक्का कर, शुक्रवारी चार म्हणजे चार, कुणी ना कुणी फळ्यावर उभं राहील. पाहुणे लेक्चरर, शाल-श्रीफळ, बॅनर, फोटो, हे नाही म्हणून राहिले मी. पोरांनी बोलायचं, एक थिअरम, चाळीस मिनिटं, आणि मास्तरांनी मागं बसून प्रश्न विचारायचे. आणि जे बोललं ते आठवडाभरात लिहून द्यायचं. ही काही माझी आयडिया नाही. मुंबईची टाटा इन्स्टिट्यूट, टीआयएफआर, १९४५ ला सुरू झाली, तिथं १९४९ पासून चंद्रशेखरन यांनी मॅथ्सचं स्कूल उभं केलं, नंतर रामनाथन सोबत आले. त्यांनी काय केलं, तर जगातली मोठी माणसं बोलावली, श्वार्ट्झ, सीगल असे, आणि त्यांच्या लेक्चर्सच्या नोट्स लिहायला कुणाला लावलं, तर तरुण पोरांना. श्वार्ट्झच्या १९५५ च्या नोट्स एम. एस. नरसिंहन यांनी लिहिल्या, त्यांचं पुढं केवढं नाव झालं. त्या नोट्स आजही इंटरनेटवर फुकट आहेत. आपल्याकडे श्वार्ट्झ येणार नाही हे उघड आहे, पण दुसऱ्याचं मॅथ्स ऐकून एकही भोक न ठेवता स्वतः लिहून काढायचं, ही सवय लावायला श्वार्ट्झ कशाला पाहिजे.

पहिले दोन महिने कुणी बोलायला तयार होणार नाही. तूच बोल. चहा आणि आलूबोंडा ठेव, खरंच ठेव, गर्दी त्यासाठी आली तरी आली.

आता जरा कडू बोलते, आणि ते माझ्याबद्दलच आहे. मी गाइड झाले तेव्हा मला घाई होती. माझं काम फिक्स्ड पॉइंटमधलं, म्हणजे मॅपिंग लावूनही जो बिंदू जागचा हलत नाही त्याबद्दलचं, मग माझ्या चारही विद्यार्थ्यांना मी तेच दिलं. बॅनाखचा थिअरम १९२२ चा, त्यातली कॉन्ट्रॅक्शनची अट (मॅपिंगनं बिंदूंमधलं अंतर कमी झालं पाहिजे ही) जराशी ढिली करायची, स्पेसच्या नावापुढं एखादं विशेषण चिकटवायचं, झाला नवा थिअरम, असे पेपर निघत राहिले, प्रमोशनला लागणारे एपीआयचे पॉइंट जमत राहिले. एकदा व्हायव्हाला बाहेरच्या एक्झामिनरनं माझ्या विद्यार्थिनीला शांतपणे विचारलं, की तुमची अट पाळतं पण जुनी अट पाळत नाही असं एक तरी मॅपिंग दाखवा. तिला नाही आलं. मी गाइड म्हणून शेजारी बसले होते, मलाही नव्हतं माहीत. डिग्री मिळाली तिला, पेढेही वाटले, पण मी त्या दिवशी ॲक्टिव्हा काढून फुटाळा तलावावर जाऊन बराच वेळ नुसती बसून राहिले. तुझ्या सेंटरला कुणाचाही सिनॉप्सिस आला की पहिला प्रश्न हाच विचार.

आणि म्हणूनच सांगते, आपली पोरं आपल्याच दावणीला बांधू नको. शिकागोची गोष्ट आम्हाला कुणी सांगितली असती तर बरं झालं असतं. १८९२ ला युनिव्हर्सिटी उघडली तेव्हा मॅथ्समध्ये मूर, बोल्झा आणि माश्के ही तिघं मुख्य, तुमच्यासारखीच छोटी टीम म्हण, पण १८९६ ला डिक्सनला पीएचडी दिली आणि पुढं व्हेब्लेन, बर्कॉफ अशी पोरं निघाली. व्हेब्लेन प्रिन्स्टनला गेले, बर्कॉफ हार्वर्डला, आणि तिथले विभाग उभे राहिले. नंतर शिकागोनं आपलेच विद्यार्थी आपल्याच स्टाफवर घ्यायला सुरुवात केली आणि धार हळूहळू गेली. शेवटी १९४६ ला मार्शल स्टोन आले आणि वाइल, चर्न, झिग्मंड, मॅक लेन अशी बाहेरची माणसं आणून बसवली तेव्हा कुठं गाडी पुन्हा रुळावर आली. आता म्हणशील कुठं शिकागो न कुठं आपण. पण आपल्याकडेही गुरूचा चेला, चेल्याचा चेला, तिघांचा विषय तोच, असंच चालतं ना?

तर दर वर्षी दोन पोरं तरी बाहेर पाठव. एमटीटीएस हे मॅथ्सचं ट्रेनिंग शिबिर १९९३ पासून चालू आहे, उन्हाळ्यात असतं. एनसीएम म्हणजे नॅशनल सेंटर फॉर मॅथेमॅटिक्स, त्यांचे ॲन्युअल फाउंडेशन स्कूल आहेत. एनबीएचएम म्हणजे नॅशनल बोर्ड फॉर हायर मॅथेमॅटिक्स, त्यांची स्कॉलरशिप आहे. हे फॉर्म पोरं स्वतः भरत नाहीत, त्यांना वाटतं हे आपल्यासाठी नाही, तू समोर बसवून भरून घे, रेकमेंडेशन त्याच दिवशी लिही. आणि गेलेलं पोरगं तिकडेच राहिलं तर रुसून बसू नको.

लायब्ररीचं रडगाणं बंद कर. झेडबीमॅथ, मॅथ्सच्या पेपरांची सूची, २०२१ पासून सगळ्यांना खुली आहे, फुकट पेपरांचं आर्काइव्ह (arXiv) आहेच, तुमचं कॉलेज सरकारच्या वन नेशन वन सबस्क्रिप्शन या जर्नल योजनेत बसतं का हे लायब्रेरियनला विचार. पैसे घेऊन आठ दिवसांत पेपर छापणाऱ्या जर्नलचे मेल येतील, थेट डिलीट.

सीएचबीवाल्या तिघांचं तेवढं बघ. त्यांना तासाचे पैसे मिळतात, शुक्रवारच्या सेमिनारचे नाही मिळत, म्हणून त्यांच्यावर ते लादू नको. पण त्यातल्या एखादीला मनापासून बोलायचं असेल तर पहिली तारीख तिला दे, टाइमटेबलमध्ये तिचे तास तुकड्या-तुकड्यात पाडू नको, सकाळी एक आणि संध्याकाळी एक असं केलं तर बिचारी मधले पाच तास कुठं काढेल, आणि नाव लिहिताना सगळ्यांसारखंच लिही. मी सहा वर्षं तासिकेवर काढली आहेत, नोटीस बोर्डावर माझं नाव कधी नसायचं, ते अजून आठवतं बाप्पा.

प्रिन्सिपॉल सरांना सांग, दोन वर्षं द्या, तोवर चार जण नेट काढतात का बघू, मग प्रपोजल. नाही ऐकलं तर प्रपोजल कर, काय करणार, पण कागद आणि शुक्रवार सोडू नको.

रविवारी ये घरी. माझी ॲनालिसिस आणि अल्जेब्राची पुस्तकं दोन खोक्यांत बांधून ठेवली आहेत, वाळवी लागायच्या आत घेऊन जा, गाडीवर नाही बसायची, ऑटो करून ये. आणि पहिल्या आठवड्याचा कागद बनवून आण, मी लाल पेन काढून ठेवते. बारा ते चार मात्र येऊ नको, रस्ता तापलेला असतो.

तुझी,
मॅडम